बाबांची वही आणि दोन आश्विन

त्या फॉर्मचं तिसरं पान मी अजून टाकलेलं नाही. दोनातला डावा रकाना भरलेला आहे, माझ्या गिचमिड अक्षरात, आणि त्यावर एवढी मोठी काट मारलेली आहे की कागद फाटायचाच राहिलाय. कधी फार चिडचिड झाली की मी ते ड्रॉवरमधून काढून बघते. लगेच गार वाटतं.

फॉर्म होता स्मृतीच्या तपासणीचा. बाबांच्या.

बाबा मार्चमध्ये आमच्याकडे मेलबर्नला, पॉइंट कुकच्या घरी आले ते तीन महिन्यांसाठी. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच असायचे, म्हणून मीच मागे लागून बोलावलं. ते आले, आणि पंधरा दिवसांत सगळ्या जगाची दारं धाडधाड बंद झाली. विमानं बंद, मग ऑफिस बंद, मग मेलबर्न बंद. ऑगस्टपासून तर आम्ही घरात असे काही कोंडले गेलो की पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, दिवसातून एक तास चालायला बाहेर, संध्याकाळी संचारबंदी. नवरा हॉस्पिटलच्या फार्मसीत, त्यामुळे तो शिफ्टला जायचा. मी घरातून काम करायची. डायनिंग टेबलवर मी आणि माझा लॅपटॉप, आणि समोर सोफ्यावर बाबा आणि टीव्ही. एवढंच जग.

बाबा शाळेत पीटीचे शिक्षक होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाळीस वर्षं ते खो-खोचे पंच होते. कधी गुणलेखक, कधी वेळाधिकारी. ज्यांनी शिट्टी, स्टॉपवॉच आणि वही यांच्यावर संसाराइतकंच प्रेम केलं अशा माणसाला तुम्ही घरात कोंडलंत तर तो काय करणार? टीव्हीवर फुटी लागायचा. इथला तो लांबुळक्या चेंडूचा फुटबॉल. मी मेलबर्नला दहा वर्षं राहत होते आणि त्या खेळाचा एकही नियम मला माहीत नव्हता. आमच्या घरात क्रिकेट सोडून दुसऱ्या कशाला खेळ म्हणतच नाहीत. ऑफिसात सोमवारी सगळे फुटीबद्दल बोलायला लागले की मी "येस, व्हॉट अ गेम" असं म्हणून किटलीकडे सटकायची. ऑफिसच्या चॅटमध्ये फुटीचा वेगळा ग्रुप होता, तो मी म्यूट करून ठेवला होता.

बाबांनी मात्र जूनपासून एकही सामना सोडला नाही. हातात स्टॉपवॉच, मांडीवर दोनशे पानी वही. प्रत्येक सामन्याला एक ओळ: तिथी, एका बाजूचे गुण, दुसऱ्या बाजूचे गुण, शेरा. हो, तिथी. तारीख नाही. बाबा आयुष्यभर डायरीत तिथीच लिहीत आलेत. वार लिहिणं त्यांनी लॉकडाउनमध्ये सोडून दिलं. म्हणाले, "सगळे वार सारखेच आहेत, कशाला शाई घालवायची?"

इथपर्यंत ठीक होतं. मग ऑगस्टपासून बाबा काहीबाही बोलायला लागले.

एकदा दुपारी माझी मीटिंग चालू असताना म्हणाले, "अगं, हे टाळ्या खोट्या वाजवतायत." मी हातानेच थांबा म्हटलं. मीटिंग संपल्यावर पुन्हा तेच. "मैदानात चिटपाखरू नाही, आणि आवाज बघ केवढा."

चार दिवसांनी: "मेलबर्नचे संघ मेलबर्नमध्ये नाहीतच. सगळे उत्तरेला जाऊन हॉटेलात राहिलेत."

मी म्हटलं, "बाबा, इथे माणसाला पाच किलोमीटर सोडत नाहीत. अख्खे संघ कसे जातील?"

"गेलेत," ते म्हणाले, आणि वहीत वाकले.

मग: "वेळ कमी केलीय यांनी. मी घड्याळ लावून बघितलं. पूर्वी एवढी कमी नसणार." मग: "रोज सामना असतो. काल होता, आज आहे, उद्या पण आहे." मग ऑक्टोबरात: "फायनल इथे नाही. तिकडे ब्रिस्बेनला आहे, तीही रात्रीची."

मी काम सोडून त्यांच्याकडे बघत राहायची. कारण मला आजी आठवायची, बाबांची आई. तिची सुरुवात अशीच झाली होती. एका सकाळी चहा पिताना शांतपणे म्हणाली, "या आठवड्यात गुरुवार दोनदा आला." आम्ही सगळे हसलो होतो. तीन वर्षांनी ती बाबांना "आपण कोण?" असं विचारत होती, आणि बाबा रोज तिला आपलं नाव सांगत होते.

या वेळी मला हसू आलं नाही. मी बाबांवर डोळा ठेवायला लागले. आणि एकदा डोळा ठेवला की काय, सगळंच दिसायला लागतं. चष्मा फ्रिजवर विसरले. गॅस चालू ठेवला. सप्टेंबरच्या शेवटाला तर कहर झाला. ज्या माणसाने जन्मात स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही त्यांनी एक दिवस माझ्याकडून तांदूळ मागून घेतले, तीन दिवस भिजवले, वाटले, गूळ घातला, आणि अनारसे करायला घेतले! सगळेच्या सगळे तुपात हसले. कढईत नुसता चुरा. बाबा झारा हातात धरून उभे, आणि म्हणाले, "तुझी आई असती तर यंदा तिनंच केले असते." मी गॅस बंद केला, त्यांना बाहेर नेऊन बसवलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले. दिवाळीला दीड महिना अवकाश, आणि हे अनारसे करतायत!

नवरा म्हणाला, "अगं, त्यांना कंटाळा आलाय. जरा सोड ना."

"तुला काय जातंय सोड म्हणायला? तू आजीला बघितलं नाहीस," मी त्याच्या अंगावर ओरडले. बिचारा आठ तास मास्क घालून आला होता. पण मला तेव्हा कुणाचीही दया येत नव्हती.

मग मी बाबांना न सांगता आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. त्यांनी स्मृतीच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. अपॉइंटमेंट मिळाली दिवाळीनंतरची, कारण तोपर्यंत प्रत्यक्ष भेटी सुरू होणार होत्या. सोबत हा फॉर्म. घरच्यांनी भरायचा.

दिवाळी झाली. पुढच्या शनिवारी दुपारी बाबा त्यांच्या फेरीला गेले, तळ्याभोवती दोन चकरा, आणि मी फॉर्म घेऊन बसले. तिसऱ्या पानावर दोन रकाने होते. डावीकडे: रुग्णाची विचित्र किंवा असत्य वाटलेली विधानं. मी झरझर लिहीत सुटले. टाळ्या खोट्या. संघ पळून गेले. वेळ कमी केली. फायनल दुसऱ्या गावात. अनारसे. उजवीकडे: हे विधान असत्य आहे याची तुम्ही कशी खात्री केलीत?

पेन तिथेच थांबलं.

दहा वर्षं मी डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून पगार घेते. कुणी आकडा दिला की मी आधी विचारते, हा कुठून आणलास? आणि माझ्या स्वतःच्या बापाबद्दल मी एकदाही काही तपासलं नव्हतं. मला फुटीतलं काही कळत नाही, म्हणून बाबा चुकतायत, असं मी धरून चालले होते. कप्पाळ माझं!

मी म्यूट केलेला तो ग्रुप उघडला. चारेकशे मेसेज. त्यात आमच्या टीममधल्या एका फुटीवेड्या मुलीने काही महिन्यांपूर्वी एक लिंक टाकली होती. प्रोग्रामिंगची लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला कोड. आपण फक्त विचारायचं: या वर्षीचे सगळे सामने दे. आणि ती आकडेवारीच्या साइटवरून सगळं ओढून आणते. तारीख, मैदान, दोन्ही संघ, गुण, सगळं एका तक्त्यात. मी ती बसवली. एक ओळ लिहिली, एंटर मारलं. काही सेकंदांत अख्खा सीझन माझ्या टेबलवर.

पहिल्यांदा मी मैदानाचा रकाना बघितला. जुलैनंतर मेलबर्नचं एकही मैदान नाही. एकही नाही! खाली खाली गेले, बहुतेक सगळी उत्तरेकडची नावं. शेवटची ओळ, फायनल: ब्रिस्बेन. वेळ: संध्याकाळची, उशिराची. मग तारखांचा रकाना बघितला. ऑगस्टमध्ये एका दमात किती तरी दिवस रोज सामना.

मग मी त्या मुलीला मेसेज केला, की या वर्षी खेळाची वेळ कमी केली होती का? आणि टीव्हीवर टाळ्या खोट्या होत्या का? शनिवार असूनही तिचं उत्तर लगेच आलं. "मेट, व्हेअर हॅव यू बीन?" आणि पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दोन्ही खरं होतं. कमी दिवसांत जास्त सामने बसवायचे होते, म्हणून सामन्याच्या चारही भागांची वेळ छाटली होती, आणि रिकाम्या मैदानांमुळे चॅनेलवाले गर्दीचा आवाज वरून घालत होते.

मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्यांदा हसले, एकटीच. वेडं झालं होतं ते जग. बाबा फक्त बातमी देत होते.

इथेच थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव आडवा. मला वाटलं, आता पुराव्यानिशी सिद्ध करू. बाबांची वही टीव्हीखालीच होती. मी भराभर पानांचे फोटो काढले, ते यायच्या आत. मग तिथी, गुण, गुण, असं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. तिथीची तारीख करणारा एक छोटा प्रोग्राम इंटरनेटवर सापडला; महिना, पक्ष, तिथी द्यायची की तो इंग्रजी तारीख देतो. मग जोडणी: बाबांची ओळ आणि लायब्ररीची ओळ. तारीख एक दिवस मागेपुढे चालेल, पण गुण तंतोतंत हवेत. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल.

ज्येष्ठ हिरवा. आषाढ हिरवा. श्रावण अख्खाच्या अख्खा हिरवा. भाद्रपदात एक ओळ लाल, बाकी हिरवं. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

आणि मग आश्विन. लाल. लाल. लाल. ज्या दिवशी बाबांनी सामना लिहिला होता त्या दिवशी सामनाच नव्हता. तारखांचा क्रमसुद्धा उलटसुलट, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. फक्त शेवटच्या दोन ओळी, त्यातली एक फायनलची, तेवढ्या हिरव्या.

मी ती रांग पुन्हा वरपासून खाली वाचली. म्हणजे आधी सगळं ठीक होतं, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून घसरलं. अनारसे केले तेच दिवस. नसलेले सामने बाबांना दिसत होते, आणि मध्येच दोन दिवस लख्ख. आजीलाही असे लख्ख दिवस यायचे. आम्ही आनंदाने पेढे आणायचो.

दार वाजलं. बाबा आत आले, मास्क काढला, सॅनिटायझर चोळलं आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय गं? पांढरी पडलीस."

मला काही लपवता येत नाही, कधीच आलं नाही. स्क्रीनवर ती लाल रांग तशीच होती. तरी आवाज होईल तेवढा साधा ठेवून मी विचारलं, "बाबा, आश्विन वद्य द्वितीयेला तुम्ही सामना बघितला होता का?"

"कुठला आश्विन?" बाबा म्हणाले.

"म्हणजे काय, कुठला? या वर्षीचा."

"हो, पण कुठला? यंदा दोन आश्विन झाले ना."

या आठवड्यात गुरुवार दोनदा आला. माझ्या डोक्यात आजीचा तो आवाज जसाच्या तसा घुमला. मी टेबलाची कड घट्ट धरली. संपलं, मला वाटलं. संपलं सगळं.

बाबा चपला काढत बोलतच होते. "अधिक मास नव्हता का? अधिक आश्विन आधी, मग निज आश्विन. म्हणून तर दिवाळी एवढी लांबली. तू दहा वर्षांत कॅलेंडर बघणं पण सोडलंस काय? अधिकातलं जावयाचं वाण द्यायचं होतं मला. तेहतीस अनारसे. तुझ्या आईनं मागच्या अधिकात पाठवले होते, आठवतं? मला कसले जमतायत."

अगं बाई! अगं बाई गं!

मी वही ओढली. त्या पानाच्या अगदी डोक्यावर, लाल पेनाने, दुहेरी रेघ मारून लिहिलं होतं: अधिक. फोटो काढायच्या घाईत मी पानांची डोकीच कापली होती. पुढच्या पानावर निज, आणि त्याखाली त्या दोन हिरव्या ओळी. आणि त्या प्रोग्रामात तर चक्क एक चौकट होती, अधिक मास असल्यास इथे टिक करा. मी ती बघितलीही नव्हती. इथे वर्षाला बाराच महिने असतात, या सवयीने मी पुढे निघून गेले होते.

टिक केली. एंटर. आश्विन वरपासून खालपर्यंत हिरवा झाला.

मग मात्र मी जी रडले, ती हसत रडले. नाक पुसायला हाताशी किचनचा नॅपकिन आला तोच घेतला. बाबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि चष्मा नाकावर सरकवून स्क्रीन वाचू लागले. त्यांना इंग्रजी तक्ता वाचायला दोन मिनिटं लागली असतील. मग त्यांची नजर टेबलवरच्या फॉर्मवर गेली. मी हात ठेवून झाकायला गेले, पण उशीर झाला होता.

"तू मला तपासत होतीस," ते म्हणाले. रागाने नाही. खो-खोची पाळी संपल्यावर गुण जाहीर करतात त्या आवाजात.

"बाबा, मला आजी आठवत होती. मी फार घाबरले होते हो."

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. मग म्हणाले, "मी पण. म्हणून तर वही सुरू केली. रोज लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांच्या साइटवर बघायचं, जुळतंय का. तुझ्या आजीच्या वयाला पोचलोय मी आता."

मला हे सुचलंच नव्हतं. इतके महिने आम्ही दोघं एका खोलीत, आठ फुटांवर, एकाच गोष्टीला घाबरून बसलो होतो, आणि दोघांनीही तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं.

"ही एक लाल राहिलीय," मी नाक ओढत म्हटलं. भाद्रपदातली.

"दाखव. हं. त्या दिवशी जावईबापूंनी मध्येच चहाला हाक मारली. शेवटचा गोल हुकला माझा." बाबांनी मान हलवली. "चालतंय. एवढी चूक पंचाला माफ असते."

मी फॉर्मवर काट मारली ती तेव्हाच. अपॉइंटमेंटला मात्र आम्ही गेलो, बाबाच म्हणाले जाऊ या. डॉक्टरांनी विचारलं, हा कुठला महिना? तर बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना कुठल्या पद्धतीनं सांगू?" मी भाषांतर करेपर्यंत डॉक्टर हसायला लागले होते. सगळं ठीक निघालं. वयाला साजेसं.

पण ते नंतर. त्या शनिवारी काय झालं, की बाबांनी वही मिटली नाही. शेवटच्या पानावर, फायनलच्या ओळीखाली, त्यांनी पट्टी घेऊन एक रेघ मारली. रेघेखाली दोन जागा सोडल्या आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"सामना संपला की दोन्ही कप्तान गुणपत्रक तपासतात आणि सही करतात," ते म्हणाले. "तू तपासलंस ना? मग कर सही."

"कुठल्या कप्तानाच्या जागी करू?"

"हरलेल्याच्या. तीच सही खरी. जिंकलेला काय, न वाचता करतो."

मी हरलेल्या कप्तानाच्या जागी सही केली. बाबांनी ती चष्मा लावून नीट बघितली, बाजूला तिथी घातली, आणि टीव्हीचा रिमोट शोधायला लागले. तो त्यांच्या खिशातच होता. मी सांगितलं नाही. त्यांचा त्यांना सापडला.